अकरा भोकांचे यंत्र

बिलियर्ड्स किंवा स्नूकरचा बॉल मळतो तो तीन गोष्टींनी: क्यूच्या टोकाला लावलेला खडू, टेबलावरच्या बनातीचा लोकरी धुरळा आणि माणसाच्या बोटांचे तेल. एकेकट्या या तिन्ही गोष्टी किरकोळच. एकत्र आल्या की तेलात खडू कालवला जातो, त्यावर लोकर बसते आणि बॉलवर सहजी न दिसणारे पातळ पुट चढते. नवा बॉल आणि बरेच दिवस खेळलेला बॉल शेजारी शेजारी ट्यूबलाइटखाली धरले तर फरक कळतो. नव्यात नळीचे प्रतिबिंब काठापर्यंत रेखीव दिसते, जुन्यात ते कडेला विरघळते. मुंबई-कोकणाच्या पावसाळी हवेत बनात ओल धरते आणि पुट आणखी चिवट होते. अंगठ्याने जोरात पुसले तरी ते निघत नाही, नुसते पसरते.

यातल्या खडूला शाळेतला खडू समजू नये. अमेरिकेत बिलियर्ड्सपटू विल्यम स्पिंक्स आणि रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स यांनी 1897 मध्ये पेटंट घेतले, त्या मिश्रणाचा आधार सिलिका आणि कुरुंद हा होता. आजचे निळे-हिरवे चौकोनी ठोकळे त्याच वंशातले. कुरुंद म्हणजे शिकलगार ज्यावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावतो तोच. मोह्सच्या दहा अंशांच्या पट्टीवर त्याची कठीणता 9, आणि त्याच्या वर फक्त हिरा. क्यू घसरू नये म्हणून खडूत ही धार मुद्दाम ठेवलेली असते. बॉल साफ करण्याच्या प्रत्येक युक्तीत, हाताच्या असो वा यंत्राच्या, हीच धार पुढे आडवी येते.

मळाने खेळ बिघडतो तो असा. एक बॉल दुसऱ्याला तिरका लागून जातो तेव्हा दोघांमध्ये क्षणभर घर्षण होते आणि मार खाणारा बॉल अपेक्षित रेषेपासून किंचित ओढला जातो. स्वच्छ बॉलांमधला घर्षणांक साधारण 0.03 ते 0.08 असतो. मळाने तो वाढतो, आणि त्याहून वाईट म्हणजे बॉलच्या एका बाजूला वाढतो, दुसऱ्या बाजूला वाढत नाही. मुरलेला खेळाडू या ओढीचा हिशेब धरूनच नेम लावतो. हिशेबात एका अंशाची चूक झाली तर दीड मीटरवर बॉल 26 मिलिमीटर बाजूला जातो. स्नूकरच्या बॉलचा व्यास 52.5 मिलिमीटर, म्हणजे ही चूक बरोबर अर्ध्या बॉलची झाली. खडूचा कण नेमका दोन बॉलांच्या स्पर्शबिंदूवर सापडला तर बॉल जागीच उसळतो आणि रेघ सोडतो. या प्रकाराला खेळाडू ‘किक’ म्हणतात. मोठ्या सामन्यांत खेळाडूने सांगितले की पंच बॉलची जागा छोट्या खुणेने राखून तो उचलतो आणि पुसून परत ठेवतो. पंचाचे पांढरे हातमोजे शोभेसाठी असतात असे वाटते, पण बोटांचे तेल बॉलला लागू न देण्याचे कामही तेच करतात.

भारतीय क्लबांत हे काम पिढ्यानपिढ्या मार्करच्या वाट्याला आले. स्नूकर 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मले. जगज्जेतेपद मिळवणारे पहिले भारतीय खेळाडू विल्सन जोन्स 1922 मध्ये पुण्यात जन्मले आणि 1958 व 1964 साली हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले. इतकी जुनी परंपरा असलेल्या या देशात गुण मांडणारा, टेबल झाडणारा, बनातीला इस्त्री करणारा आणि बॉल पुसणारा माणूस एकच असे: मार्कर. बिलियर्ड्सचे तीन बॉल पुसायला वेळ लागत नाही. स्नूकरचे बावीस असतात, आणि चार टेबलांच्या क्लबात ते अठ्ठ्याऐंशी होतात. यंत्राची गरज इथून सुरू होते. परदेशी बनावटीची तयार यंत्रे मिळतात, पण छोट्या पार्लरला ती जड जातात. घरी बांधता येणाऱ्या यंत्रांचे हौशी मंडळींना आकर्षण आहे त्यामागे हा व्यवहार आहे आणि थोडी खाजही. घरी एकच टेबल आणि एकच संच असेल तर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि जुना मऊ पंचा यांनी वीस मिनिटांत काम होते. अशा घरात यंत्रावर घालवलेले दोन-तीन रविवार बॉलसाठी नसतात, यंत्रासाठी असतात.

घडणीकडे वळण्याआधी बॉलची ओळख हवी, कारण यंत्राची मर्यादा बॉलच ठरवतो. नियमानुसार स्नूकरच्या बॉलच्या व्यासात फरक चालतो तो 0.05 मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम एका बारीक केसाच्या जाडीचा. एका संचातल्या बॉलांच्या वजनात 3 ग्रॅमपर्यंत फरक चालतो. या दोन आकड्यांतली विषमता लक्षात घेण्यासारखी आहे. बॉलचे पृष्ठफळ सुमारे 87 चौरस सेंटिमीटर. घासून घासून त्याचा व्यास 0.05 मिलिमीटरने कमी झाला तर वजन घटते जेमतेम 0.4 ग्रॅमने. म्हणजे साध्या काट्यावर बॉल सुखरूप दिसेल आणि व्यासाच्या नियमातून तो कधीच बाद झालेला असेल. म्हणून घरगुती यंत्राची पहिली अट चकाकीची नसते, झिजवण्याची असते: मळ झिजला पाहिजे, बॉल नाही. पॉलिश पेपर, भांडी घासायची हिरवी जाळी, टूथपेस्ट, रंग उडालेल्या गाडीवर चोळायचे रबिंग कंपाउंड, हे सगळे एका फटक्यात बाद होतात. तास-दोन तास त्यांनी बॉल चकाकेल, पण गोल राहणार नाही.

बॉल कशाचा आहे हेही पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकात बॉल हस्तिदंताचे असत. सुळ्याच्या मधोमध नस जाते, ती बॉलच्या केंद्रातून नेली तरच तोल बरा साधतो, म्हणून एका सुळ्यातून मोजकेच चांगले बॉल निघत. शिवाय हस्तिदंत हवेतल्या ओलीने फुगतो, सुकतो, तडकतो. 1863 मध्ये न्यूयॉर्कच्या फेलन आणि कॉलेंडर या बिलियर्ड्स कंपनीने पर्यायी पदार्थासाठी 10,000 डॉलरचे बक्षीस लावले. त्या नादातून जॉन वेस्ली हायट यांनी सेल्युलॉइड घडवले. त्याचे मूळ द्रव्य नायट्रोसेल्युलोज, म्हणजे स्फोटकांचा जवळचा नातलग. कोलोरॅडोच्या एका गुत्तेवाल्याने आपल्याला पत्र लिहिल्याचे हायट यांनी पुढे सांगितले होते. बॉल जोरात आदळले की कधीकधी बार उडाल्यासारखा आवाज होतो, त्याला त्याची हरकत नव्हती. पण आवाज झाला की खोलीतला प्रत्येक जण पिस्तूल उपसतो, अशी त्याची अडचण होती. लिओ बेकलंड यांच्या 1907 च्या बेकेलाइटनंतर फिनॉलिक राळेचा मार्ग खुला झाला. आज चांगले बॉल त्याच जातीच्या राळेचे असतात आणि त्यांतले बरेचसे बेल्जियममधल्या कॅलनेल गावच्या सालुक कारखान्यातून ‘अरामिथ’ या नावाने जगभर जातात. ही राळ एकदा आवळली की उष्णतेने पुन्हा वितळत नाही. स्वस्त संच मात्र पॉलिएस्टरचे असतात. ते मऊ असतात, लवकर ओरखडतात आणि अॅसिटोनने खराब होतात. यंत्रात घालावा तो फिनॉलिक बॉल. पॉलिएस्टर घालायचाच तर कमी वेळ. हस्तिदंत आणि सेल्युलॉइड यांना यंत्र दाखवूही नये.

आता यंत्र. त्याचे तत्त्व एका ओळीचे आहे: बॉल कार्पेटवर घासत फिरवायचा. अडचण ‘फिरवायचा’ या शब्दात लपलेली आहे. एखाद्या सपाट, गोल फिरणाऱ्या तबकडीवर बॉल ठेवला आणि तो वाहून जाऊ नये म्हणून बाजूने अडवला, तर बॉल जागच्या जागी गरगर फिरू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, काम झाले. पण तो एकाच अक्षाभोवती फिरत असतो. त्याचा एक पट्टा पुन्हा पुन्हा कार्पेटला लागतो आणि अक्षाच्या दोन टोकांना, म्हणजे बॉलच्या दोन ध्रुवांना, कार्पेटचा स्पर्शही होत नाही. अनेकांना वाटते की तबकडीची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा वेगात पळते, त्यामुळे बॉलला आणखी एक गिरकी मिळून तो सगळीकडून घासला जाईल. तसे होत नाही. दोन स्थिर गिरक्या एकत्र आल्या की त्यांची मिळून एकच गिरकी होते, तिसऱ्याच पण स्थिर अक्षाभोवती. पट्टा जागा बदलतो, पट्टाच राहतो.

हे डोळ्यांनी पाहण्याची सोपी रीत आहे. व्हाइटबोर्डच्या मार्करने पांढऱ्या बॉलवर सगळीकडे, साधारण बोटभर अंतराने, ठिपके काढायचे आणि यंत्र तीस सेकंद चालवायचे. फसलेल्या यंत्रातून बाहेर आलेल्या बॉलवर मधला भाग लख्ख असतो आणि समोरासमोरच्या दोन बाजूंना नाण्याएवढ्या वर्तुळांत ठिपके जसेच्या तसे. चांगल्या यंत्रात अर्ध्या मिनिटात इथे एखादा, तिथे एखादा पुसट ठिपका उरतो आणि दोन मिनिटांत तोही जातो. ही परीक्षा यंत्र पूर्ण बांधून झाल्यावर घेण्यात अर्थ नाही. तबकडी पहिल्यांदा फिरली त्याच दिवशी घ्यावी.

पोलादी छर्रे करणाऱ्या कारखान्यांनी हाच प्रश्न केव्हाच सोडवला आहे. बेअरिंगचे छर्रे दोन जाड तबकड्यांमध्ये, वर्तुळाकार खाचांतून घासत गोल केले जातात. खाचेतून बाहेर पडलेला छर्रा एका फिरत्या टाकीत जातो, बाकीच्यांत मिसळतो आणि पुढच्या फेरीत भलत्याच खाचेत, भलत्याच तोंडाने शिरतो. गोलाई येते ती या गोंधळातून. घरगुती यंत्रालाही असाच थोडा गोंधळ मुद्दाम लागतो, आणि तो कुठून आणायचा यावरून यंत्राचे दोन वंश पडतात.

पहिला वंश बादलीचा. प्लास्टिकची रुंद बादली, आतून चहूबाजूंनी कार्पेट, आणि तळाशी गाडी पॉलिश करायच्या ऑर्बिटल यंत्राची फिरती गादी. बॉल सुटे टाकतात. ते गादीवर फिरतात, भिंतीवर आपटतात, एकमेकांना ढोसतात. अक्ष सतत बदलत राहतो, ठिपक्यांच्या परीक्षेत बादली हमखास पास होते आणि बांधायला एक दुपार पुरते. दोष दोन. बॉल थोडे असले तर उडतात, फार झाले तर एकमेकांत अडकून नुसते ढिगासारखे सरकतात, म्हणून संख्या प्रयोगाने ठरवावी लागते. दुसरा दोष आवाजाचा: बंद खोलीत दगड भरलेले पिंप लोळवल्यासारखा. बंगल्यात ठीक, पण चाळीत किंवा फ्लॅटमध्ये बादली रात्री चालवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरचे गाठतात.

दुसरा वंश पेटीचा, आणि क्लबाच्या कामाला तोच बरा. यात तळाला कार्पेट लावलेली तबकडी फिरते आणि तिच्या वर भोके पाडलेली फळी स्थिर असते. प्रत्येक भोकात एक बॉल. एकमेकांना लागत नसल्याने बॉल आवाज करत नाहीत. भोके किती असावीत? स्नूकरच्या बावीस बॉलांना अकरा भोके सोयीची, दोन फेऱ्यांत संच पुरा. बाजारात होल-सॉ 68 मिलिमीटरचा सहज मिळतो. भोकाच्या आतल्या कडेला साडेतीन-चार मिलिमीटर जाड कार्पेटची पट्टी चिकटवली की मोकळी जागा उरते साठेक मिलिमीटर, आणि 52.5 मिलिमीटरच्या बॉलला आजूबाजूला सरकायला पुरेशी फट राहते. ही फट वाया गेलेली जागा नव्हे, कारण गोंधळाचा अर्धा भाग इथूनच मिळतो. दोन भोकांमध्ये दहा मिलिमीटर लाकूड राखायचे तर एका मध्यबिंदूपासून दुसऱ्यापर्यंत 78 मिलिमीटर होतात, आणि अकरा भोके बसवण्यासाठी 138 मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे लागते. त्याखाली 350 मिलिमीटर व्यासाची तबकडी पुरते.

फळीची उंची हा पेटीतला सर्वात नाजूक भाग आहे आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच. बॉलचा मध्य कार्पेटपासून 26 मिलिमीटर उंचीवर येतो. भोकाची कड बॉलला नेमकी त्याच उंचीवर, त्याच्या विषुववृत्तावर, लागली पाहिजे. कड त्यापेक्षा वर लागली तर ती बॉलला खाली दाबते, बॉल पाचरीसारखा अडकतो आणि फिरायचा थांबतो. खाली लागली तर बॉल कडेवर चढतो आणि तबकडीच्या धक्क्याने भोकातून बाहेर उडी मारतो. एकोणीस मिलिमीटरची प्लाय घेऊन तिची खालची बाजू कार्पेटपासून 15 मिलिमीटरवर ठेवली तर तिची जाडी 15 ते 34 या पट्ट्यात येते आणि विषुववृत्त त्यात सुखाने बसते. कार्पेट वापराने दबते, म्हणून फळी चार कोपऱ्यांवर लांब बोल्टांवर बसवावी आणि खाली-वर दोन नट ठेवावेत. दर काही महिन्यांनी पाना अर्धा आटा फिरवला की उंची पुन्हा जुळते.

राहिलेला गोंधळ तबकडीतून आणायचा. तबकडीवर कार्पेट चढवण्याआधी तिच्यावर तीन-चार मिलिमीटर जाड रबराच्या दोन पट्ट्या चिकटवतात. त्या समोरासमोर नकोत आणि त्रिज्येच्या रेषेतही नकोत. एक आतल्या बाजूला तिरकी, दुसरी बाहेरच्या बाजूला तिरकी, आणि दोघींमधले अंतर असमान. तबकडी फिरताना पहिली पट्टी खालून जाताना बॉलला आत ढकलते, दुसरी बाहेर. बॉल भोकाच्या वेगवेगळ्या कडांना टेकतो आणि प्रत्येक टेकण्यागणिक त्याचा अक्ष थोडा ढळतो. तबकडी मिनिटाला 200 फेरे घेत असेल तर असे 400 धक्के बसतात. गुळगुळीत, निर्दोष, तोलून-मापून केलेली तबकडी इथे कामाची नाही हे पटायला सुताराला वेळ लागतो. तो पट्ट्या घासून सपाट करायला निघतो आणि त्याला थांबवावे लागते.

वेग किती हवा? मिनिटाला 200 फेऱ्यांना 138 मिलिमीटर त्रिज्येवर कार्पेट सेकंदाला जवळजवळ 2.9 मीटर पळते. बॉल न घसरता फिरला असता तर त्याच्या मिनिटाला हजारावर गिरक्या झाल्या असत्या. भोकाची कड त्याला अडवते, म्हणून तो काही अंशी फिरतो आणि काही अंशी घासला जातो. साफ होतो तो या घासण्यातून. तीनशेच्या पुढे बॉल नाचू लागतात, शंभराच्या खाली काम रेंगाळते. ताकद मात्र फार लागत नाही. अकरा बॉलांचे मिळून वजन दीड किलोच्या आसपास. कार्पेटचे घर्षण जमेला धरून तबकडीला सुमारे एक न्यूटन-मीटर पिळाची गरज पडते, म्हणजे वीस-पंचवीस वॅट.

या हिशेबात भंगारातल्या कोणकोणत्या मोटरी बसतात ते पाहण्यासारखे आहे. मिक्सरची मोटर दिसायला जोमदार, पण ती मिनिटाला हजारो फेरे घेणारी आणि काही मिनिटांत तापणारी, म्हणून बाद. छताचा पंखा मोहात पाडतो. तो मुळातच साडेतीनशेच्या आसपास फिरतो, पट्टा-पुलीची भानगड नाही, पाती काढून त्याच स्क्रूंवर तबकडी बसवता येते. पण त्याचा पिळ गरजेच्या काठावर असतो. वेग कमी करायला रेग्युलेटर लावला की व्होल्टेज उतरते आणि पिळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घसरतो. रिकामा पंखा छान फिरतो, अकरा बॉल टाकले की कण्हत थांबतो. खरी कामाची ती सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची धुण्याच्या बाजूची मोटर. ती मिनिटाला 1400 च्या आसपास फिरते आणि ताकद गरजेच्या कितीतरी पट असते. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा कुठल्याही दुरुस्तीवाल्याच्या मागच्या खोलीत अशा मोटरी पडलेल्या असतात. मोटरीला दोन इंची पुली, तबकडीच्या दांड्याला चौदा इंची, मध्ये व्ही-बेल्ट: 1400 भागिले सात, बरोबर 200.

याच मशीनचा टायमरही उचलून आणावा. धुण्याच्या मोटरीची दोन्ही वाइंडिंग सारखी असतात. कपॅसिटर एकीवरून दुसरीवर गेला की मोटर उलटी फिरते आणि टायमर ही अदलाबदल आपणहून करत राहतो: काही सेकंद सुलट, क्षणभर थांबा, मग उलट. नुसत्या उलट फिरण्याने नवा भाग घासला जात नाही, अक्ष तोच राहतो. उपयोग होतो तो त्या क्षणभराच्या थांब्याचा. बॉल भोकात लुढकून नव्या बाजूवर बसतात आणि नव्या बाजूनेच सुरू होतात. शिवाय वेळ संपली की यंत्र बंद होते, ही सोय विसराळू माणसाच्या हातून संच वाचवते.

बाकी सुतारकाम आणि लेथकाम नेहमीचे आहे. 20 मिलिमीटरचा दांडा, तो पेलायला खाली-वर दोन बेअरिंग ब्लॉक, दांड्याच्या माथ्यावर लेथवाल्याकडून काढून घेतलेली फ्लँज, तिच्यावर चार बोल्टांनी तबकडी. मोटर पेटीच्या आत पण तबकडीच्या बाजूला असावी, थेट खाली नको, कारण वरून पातळ द्रव गळतोच. त्यासाठी तबकडीखाली पत्र्याचे ताट बसवतात. पत्रा, मोटरीचे अंग आणि स्विचचा डबा या सगळ्यांना अर्थिंग हवे आणि यंत्राचा प्लग 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे हवा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ भार राहतो, तेव्हा झाकण काढून लगेच तारांना हात घालू नये. बेल्टवर जाळी लावावी. ज्या घरात यंत्र गमतीचे म्हणून बांधले जाते, त्याच घरात लहान मुले ते पाहायला येतात.

कार्पेट निवडताना आखूड आणि दाट लवेचे सिंथेटिक कार्पेट घ्यावे. ज्याच्या विणीत फासे वर येतात ते नको, त्यात खडू अडकून राहतो. तबकडीवर ते गोंदाने कायमचे चिकटवणे ही पहिल्या यंत्रातली ठरलेली चूक. सुतार सनमायकाला लावतात तो पिवळा रबरी गोंद भोकांच्या कडांना ठीक आहे, पण तबकडीवरचे कार्पेट वेल्क्रोने बसवावे म्हणजे निघते, धुता येते. कारण असे: मळ बॉलवरून गेला म्हणजे नाहीसा झाला नाही, तो कार्पेटमध्ये जाऊन बसला. खडूतला कुरुंद लवेच्या मुळाशी साचत जातो, आणि न धुता महिनोन्महिने वापरलेले कार्पेट हे कापडाचे सोंग घेतलेले पॉलिश पेपरच असते.

म्हणूनच यंत्राच्या आधी पाणी. बॉल कोमट साबणपाण्यात बुडवून हाताने चोळून खळबळावेत, म्हणजे सुटा खडू तिथेच निघतो. मग पुसून कोरडे करून भोकांत ठेवावेत. बॉल साफ करण्यासाठी विकत मिळणारा द्रव कार्पेटवर टाकावा तो थेंबांच्या हिशेबाने, वाटीच्या नाही. चार-पाच मिनिटांची फेरी पुरते. शेवटी दुसरे, कोरडे कार्पेट चढवून आणखी दोन मिनिटे. बॉल हातात घेतल्यावर जेमतेम कोमट लागावा. तो गरम लागला तर तो कुठेतरी अडकून एकाच जागी घासला जात होता असे समजावे आणि फळीची उंची तपासावी. गाडीचे मेण किंवा सिलिकॉनचे पॉलिश वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो आणि पहिल्या दिवशी बॉल आरशासारखे दिसतातही. पण त्यांचा थर उरतो, बॉल बनातीवर घसरू लागतात, आणि तो थर बनातीत उतरला की सगळ्या टेबलाचा स्वभाव बदलतो. जुना पांढरा बॉल पिवळट झाला असेल तर तो रंग कशानेही जाणार नाही. फिनॉलिक राळ उजेडाने आणि वयाने पिवळी पडते, तो मळ नव्हे.

कार्पेट दर आठ-दहा संचांनंतर धुऊन उन्हात वाळवावे. पावसाळ्यात ते वाळत नाही आणि ओले चढवले की पेटीला दोन दिवसांत कुबट वास येतो. त्यासाठी तीन जोड्या ठेवणे बरे. बेल्ट सैल झाला की टायमरने दिशा पालटताना चर्र असा आवाज येतो. मोटर खाचेत सरकवून तो ताणावा.

मापण्यासाठी 50 ते 75 मिलिमीटरचा मायक्रोमीटर लागतो. त्यात स्नूकरचा 52.5 आणि पूलचा 57.15 मिलिमीटरचा, दोन्ही बॉल बसतात. यंत्र सुरू करण्यापूर्वी संचातला प्रत्येक बॉल तीन वेगवेगळ्या दिशांनी मोजून वहीत टिपून ठेवावा, आणि मग दर सहा महिन्यांनी. तीन मापे एकमेकांपासून फाकू लागली तर बॉल एका पट्ट्यात जास्त घासला जात आहे, म्हणजे रबराच्या पट्ट्या दबल्या आहेत. तिन्ही मापे मिळून एकसारखी उतरत असतील तर कार्पेट मळले आहे किंवा फेऱ्या फार होत आहेत. सर्वात आधी उतरतो तो पांढरा, कारण क्यूचा प्रत्येक मार त्याच्यावर पडतो. यंत्र असो वा नसो, त्याचे आयुष्य बाकीच्यांपेक्षा कमीच असते. त्याच्या जागी नवा पांढरा आणताना व्यासाबरोबर वजनही जुन्या संचाशी ताडून घ्यावे. त्यासाठी सोनाराचा काटा चालतो.